बंद झालेली मोठ्या बोअरची पिस्तुलं : संग्रहात पहिलं कोणतं?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांतली माणसं आहेत, जळगाव एमआयडीसीतले लेथवाले आहेत आणि अमेरिकेत गेलेले खान्देशीही काही कमी नाहीत, म्हणून इथेच विचारतो.

चोपड्याचा मावसभाऊ टेक्सासात असतो, ग्रीन कार्ड आहे. त्याला मोठ्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप; .४५, १० मिमी, .४४ आणि त्यापुढची) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं जमवायची आहेत, आणि तीही कंपनीने बनवणं बंद केलेलीच. यादीत तीन नावं आहेत: ब्रेन टेन, ऑटो मॅग, स्मिथ अँड वेसन १००६. माझं मत असं की सुरुवात सगळ्यात दुर्मिळ वस्तूपासून करावी, साधं काय, ते कधीही मिळतं. पटत नसेल तर खोडून काढा.

दुसरा प्रश्न: आपण इथे जळगाव-धुळे-नंदुरबारात बसून या नादाचं काय करू शकतो?

भरीतसम्राट
घोडा पाहिजे तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला जा भो. परवाना लागत नाही, चारा लागतो.

रावेर_ते_ह्यूस्टन
गिरणाकाठ, तुमचा क्रम नेमका उलटा आहे. आधी काडतूस बघायचं, मग मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी), आणि पिस्तूल सगळ्यात शेवटी. बंद झालेल्या पिस्तुलाची नळी किंवा स्लाइड (गोळी सुटल्यावर मागे सरकणारा वरचा भाग) सहसा मरत नाही. ते मरतं मॅगझिनवाचून, नाहीतर गोळीवाचून.

ब्रेन टेन हा याचा नमुनाच. डॉर्नाऊस अँड डिक्सन, कॅलिफोर्निया, १९८३ ते १९८६. ढाचा चेक सीझेड ७५ पिस्तुलावरून घेतलेला, काडतूस नवं कोरं १० मिमी ऑटो, नावाजलेले पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर सल्लागार. काडतुसं बनवणाऱ्या नॉर्मा कंपनीची पहिली गोळी २०० ग्रेनची, वेग सेकंदाला साधारण १२०० फूट. कागदावर झकास. पण मॅगझिन इटलीहून यायची होती आणि ती वेळेवर आलीच नाहीत, त्यामुळे कित्येक गिऱ्हाइकांच्या हाती मॅगझिनशिवाय पिस्तूल पडलं. कंपनी बुडाली तोवर जेमतेम दीड हजारांच्या आत नग झाले होते. आज बाजारात मॅगझिनसह आणि मॅगझिनशिवाय असे दोन वेगळे भाव असतात, आणि मधला फरक एखाद्या चांगल्या वापरातल्या पिस्तुलाइतका निघतो.

पहिलंच पिस्तूल हे घेतलं तर भावाकडे एक महागडं पेपरवेट येईल.

तोळामासा
जाता जाता, ग्रेन म्हणजे आपल्या सराफ्याच्या ओळखीचंच माप. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. १० मिमीच्या १८० ग्रेनच्या गोळीचं शिसं म्हणजे मोजून एक तोळा. .४५ ची नेहमीची २३० ग्रेन म्हणजे सव्वा तोळ्याच्या थोडी वर.

भरीतसम्राट
आता जळगावात कोणी म्हणालं "तोळाभर घेतलं", तर आधी विचारावं लागेल, गळ्यात का छातीत.

सातपुडा_पायथा
"बंद झालेलं" म्हणजे काय हे आधी ठरवा. कोल्ट डेल्टा एलिट १९८७ ला आलं, नव्वदच्या दशकात बंद झालं, पुढे पुन्हा सुरू झालं. ऑटो मॅगचे हक्क २०१५ ला नव्या मंडळींनी घेतले आणि पुन्हा पिस्तूल काढलं. मग ही बंद का चालू?

रावेर_ते_ह्यूस्टन
संग्राहक मॉडेलचं नाव धरत नाही, उत्पादनाची फेरी धरतो. डेल्टा एलिटची पहिली फेरी बंदच धरायची. आणि ती ओळखायला फ्रेम बघायची. डाव्या बाजूला स्लाइड स्टॉपच्या खाचेवर रुळाची एक बारीक पट्टी असते. सुरुवातीच्या फ्रेमना १० मिमीच्या धक्क्याने नेमकी तिथे चीर जायची. पुढे कोल्टने तो पट्टीचा तुकडाच कापून टाकला: जिथे धातूच नाही तिथे चीर कुठून जाणार! म्हणून अखंड पट्टीचं डेल्टा हातात आलं तर भिंग लावून, उजेड तिरका पाडून ती जागा बघा. केसासारखी रेघ दिसली तर पिस्तूल लगेच निकामी झालं असं नाही, पण भाव पाडून मागायला कारण मिळतं.

लेथवाला_एमआयडीसी
पट्टी कापणं हा उपाय बरोबर आहे. बारीक पूल दोन्ही टोकांना बांधलेला असला की ताण कोपऱ्यात साठतो. आपण शाफ्टच्या चावीखाचेला कोपरा गोल का ठेवतो, तेच कारण.

मला स्टेनलेसबद्दल सांगायचंय. ऑटो मॅग आणि एएमटी हार्डबॉलर ही दोन्ही पूर्ण स्टेनलेसची. हार्डबॉलर १९७७ चं, '१९११' या कोल्टच्या जुन्या .४५ लष्करी पिस्तुलाच्या ढाच्यातलं पहिलं संपूर्ण स्टेनलेस पिस्तूल. एकाच जातीचं, एकाच कडकपणाचं स्टेनलेस एकमेकांवर घासलं की वरचा पातळ थर फाटतो, धातू धातूला चिकटतो आणि ओरखडे उठतात. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कधी कायमचा अडकलाय का, विचारा कोणाही फिटरला, तसंच. पुढे कारखान्यांनी स्लाइड आणि फ्रेमला वेगळ्या मिश्रधातूचं, वेगळ्या कडकपणाचं स्टील वापरून हे सोडवलं.

घेताना स्लाइड काढून रूळ बघायचे. चकचकीत घासपट्टी चालते, ती वापराची खूण. पण बोटाला खरखर लागली, लांबट ओरखड्याच्या टोकाला धातूचा गोळा झालेला दिसला, तर ते चिकटलेलं आहे. अशांना पातळ तेल पुरत नाही, रुळाला दाट ग्रीस लावावं लागतं.

अमळनेरकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण ते छोटं आहे आणि कडू आहे.

शस्त्र अधिनियम १९५९. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त २ शस्त्रं, आधी ३ होती. परवान्याची मुदत ३ ची ५ वर्षं झाली. आता बोअर. ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ रिम्ड (बुडाला बाहेर आलेली कडा असलेलं), सर्व्हिस ९ मिमी किंवा .४५ रिमलेस काडतूस बसून उडतं, ते निषिद्ध बोअर. .४५ एसीपी (१९११ चं नेहमीचं काडतूस) म्हणजेच .४५ रिमलेस. म्हणजे १९११ आणि त्याचं सगळं गणगोत सामान्य नागरिकाला बंद. निषिद्ध शस्त्राची परवानगी जिल्हाधिकारी देत नाहीत, ती केंद्राकडून लागते. विनापरवाना निषिद्ध शस्त्र सापडलं तर किमान ७ वर्षं.

१० मिमी ऑटोचं नाव त्या ओळीत नाही हे मला माहीत आहे, कोणी हुशारी करायच्या आधीच सांगतो. इकडे ना ते पिस्तूल मिळतं ना त्याची गोळी, आणि सामान्य माणसाला आयात बंद. आपल्याकडे परवान्यावर मिळतं ते .३२ बोअर. सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल .३२ चंच.

नवा_सदस्य_८८
[हा प्रतिसाद काढून टाकला आहे. "तिकडून गावठी कुठे मिळेल" अशी चौकशी इथे पुन्हा झाली तर सदस्यत्व रद्द होईल. – संपादक]

भरीतसम्राट
बठ्ठा धागा वाची लिधा आनि इचारस काय, गावठी कोठे भेटस!

सातपुडा_पायथा
गावठी कट्ट्याचा आणि संग्रहाचा संबंध नाही, पण मुद्दा निघालाच आहे तर. कट्ट्याच्या नळीला पोलाद कुठलं, कडक केलंय की नाही, चेंबरचं (काडतूस बसायच्या जागेचं) माप काय, काहीच ठाऊक नसतं. .४५ एसीपीचा दाब चौरस इंचाला २१ हजार पौंडांपर्यंत जातो, १० मिमीचा ३७ हजारांच्या पुढे. पाण्याच्या पाइपाचं काम नव्हे ते.

अमळनेरकर
अजून एक महत्त्वाचं राहिलं. कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. म्हणजे भावाला "येताना फक्त नळी आण, शोभेला ठेवतो" असं सांगू नका. मॅगझिनही नको. बॅगेच्या अस्तरात राहिलेल्या एका गोळीवरून विमानतळावर गुन्हे दाखल होतात. रेंजवर नेलेली बॅग भारतात येताना वापरायचीच नाही, हा सोपा नियम. शोभेला रिकामी पुंगळीसुद्धा (काडतुसाचं पितळी कवच) आणू नये. कायद्यात बसतं का नाही हा वाद वकिलाकडे करता येतो, विमानतळावर नाही.

फिनिक्स_नंदुरबार
अमेरिकेच्या बाजूचंही बोलू. धागा वाचणाऱ्या आपल्या पोरांतली निम्मी एच-१बी वर असतील. एच-१बी, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर पिस्तूल किंवा गोळी बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. अपवाद मोजके, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. गिरणाकाठ, तुमच्या भावाचा प्रश्न इथे मिटला.

दुसऱ्या राज्यातून पिस्तूल थेट घरी मागवता येत नाही. विकणारा ते आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवतो, तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी. याला एक वाट आहे: 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना, म्हणजे तीन नंबरचा संग्राहक परवाना. तीन वर्षांची मुदत, फी ३० डॉलर. ५० वर्षांहून जुनं आणि मूळ रूपातलं शस्त्र, किंवा सरकारी यादीत नाव असलेलं, यावर थेट मागवता येतं. नोंदवही मात्र ठेवावी लागते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीची ऑटो मॅग आता पन्नाशी ओलांडतायत. १००६ ला अजून बराच वेळ आहे.

शिरपूरची
फिनिक्सदादा, 'मूळ रूपातलं' हा शब्द अधोरेखित करा. नळी बदलली, दृष्टी (साइट) बदलली, पुन्हा क्रोम केलं, की वयाचा फायदा धोक्यात येतो आणि भाव तर पडतोच.

फिनिक्स_नंदुरबार
अगदी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने कोल्टकडून १९११ पिस्तुलं घेतली, .४५५ वेब्ली ऑटो काडतुसाची. सिरियलच्या आधी डब्ल्यू अक्षर. पुढे काडतूस मिळेना, म्हणून त्यांतली पुष्कळ .४५ एसीपीला बदलली गेली. बदललेलं पिस्तूल उडवायला सोयीचं, संग्रहात अर्ध्या किमतीचं. मॅगझिनच्या तळाला मूळचं .४५५ लिहिलेलं असेल तर ते मॅगझिन स्वतंत्र वस्तू म्हणून विकलं जातं.

तोळामासा
म्हणजे हॉलमार्कचंच शास्त्र आहे हे. डाग दिलेला दागिना.

रावेर_ते_ह्यूस्टन
बनावट हॉलमार्कसुद्धा आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९११ए१ कोल्टशिवाय इतरांनीही बनवलं: रेमिंग्टन रँड (टाइपरायटरवाले), इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल (रेल्वे सिग्नलवाले, भुसावळकरांनी नोंद घ्यावी) आणि सिंगर. तेच ते, शिवणयंत्रवाले. सिंगरने फक्त ५०० पिस्तुलं केली. त्यामुळे खोटी सिंगर खऱ्यापेक्षा जास्त सापडतील अशी गंमत संग्राहक करतात.

भरीतसम्राट
आमच्या आजीच्या सिंगरला सिरियल नंबर आहे. उद्या बघतो, चाप कुठे आहे ते.

लेथवाला_एमआयडीसी
खोटं आणि पुन्हा पॉलिश केलेलं ओळखायला यंत्र लागत नाही, नखं आणि टॉर्च पुरतात. तीन जागा बघायच्या. अक्षरं: ठसा मारताना धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा राहतो, बफिंग केलं की तो जातो आणि अक्षर बसकं, धुतल्यासारखं दिसतं. भोकं: पिनचं किंवा स्क्रूचं भोक बशीसारखं खोलगट झालं असेल तर बफ फिरलाय. कडा: स्लाइडच्या सपाट बाजूवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, रेघ सरळ यायला हवी. लाटेसारखी हलली तर हाताने घासलंय.

त्यानंतर ग्रिप काढा. वरून नवरीसारखं सजलेलं पिस्तूल ग्रिपखाली घामाने खाल्लेलं असतं.

सातपुडा_पायथा
नळीचं राहिलं. रिकामी असल्याची खात्री करून नळी बाहेर काढायची आणि उजेडाकडे धरून आतून बघायची. गोल काळी कडी दिसली तर तिथे आत अडकलेल्या गोळीवर दुसरी उडवली गेलीय, नळी फुगलेली आहे. बाहेरून बोट फिरवलं तर कधीकधी उंचवटा लागतो. अशी नळी बदलण्याशिवाय इलाज नाही, आणि ब्रेन टेनची नळी आता कोण देणार?

गिरणाकाठ
छान चाललंय. ऑटो मॅगवर कोणीच नीट बोललं नाही. ते पहिलं घेतलं तर?

सातपुडा_पायथा
ऑटो मॅग मॉडेल १८०, हॅरी सॅनफर्ड, पासाडेना, १९७१. फिरता बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग), दोन रिकॉइल स्प्रिंग (मागचा धक्का झेलणाऱ्या), वजन दीड किलोच्या वर, मॅगझिनमध्ये ७. मूळ कंपनी मे १९७२ मध्येच दिवाळखोर झाली. विकत होते त्याहून बनवायला जास्त खर्च येत होता म्हणतात. नंतर तेच पिस्तूल वेगवेगळ्या नावांखाली १९८२ पर्यंत निघत राहिलं. नळीवर पासाडेना लिहिलेलं असेल तर भाव वेगळा.

आता काडतूस: .४४ एएमपी (ऑटो मॅग पिस्टल). दुकानात ते मिळेलच असं नाही, म्हणून लोक स्वतः पुंगळी तयार करतात. .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ ची रायफलची पुंगळी घ्यायची, तिचा बुडाचा व्यास जुळतो. ती १.२९८ इंचावर, म्हणजे ३३ मिमीला किंचित कमी, कापायची. पण रायफलच्या पुंगळीची भिंत खालच्या बाजूला जाड असते, तोंडाला पातळ. खालून कापली की जाड भिंत तोंडाशी येते आणि गोळी बसत नाही. म्हणून आतून रीमर फिरवून भिंत पातळ करावी लागते. ही पायरी जो चुकवतो त्याची पुंगळी गोळीसह फुगते, चेंबरमध्ये घट्ट बसते, बोल्ट पूर्ण फिरत नाही. आणि नशीब खराब असेल तर गोळी सुटायला जागा न मिळाल्याने दाब चढतो.

लांबीतही सूट नाही. रिमलेस पुंगळी तोंडाच्या कडेवर टेकते. आखूड कापली तर चेंबरमध्ये खोल जाते, टोचणी हलकी बसते. लांब राहिली तर बोल्ट बंद होत नाही. शंभर पुंगळ्या एका मापाच्या करायला एक रविवार जातो.

लेथवाला_एमआयडीसी
रीमर कोरडा फिरवू नका, पितळ चिकटतं. आणि कापल्यावर आतली-बाहेरची बर (उरलेली खरबरीत कड) काढल्याशिवाय माप घेऊ नका, व्हर्निअर खोटं बोलतो.

रावेर_ते_ह्यूस्टन
गिरणाकाठ, ऑटो मॅगचाच थाट पण कमी डोकेदुखी हवी तर एलएआर ग्रिझली बघा. युटा राज्य, १९८३ ते १९९९. हा १९११ च मोठा करून .४५ विंचेस्टर मॅग्नमसाठी केलेला. .४५ एसीपीची पुंगळी ०.८९८ इंच, याची १.१९८. बरोबर ०.३ इंच जास्त. नळ्या साडेपाच इंचाच्या आसपासपासून १० इंचापर्यंत, आणि .३५७ मॅग्नम, १० मिमी, .४५ एसीपीचे बदल-संच. मोठी सोय ही की आतले बरेच बारीक भाग १९११ चेच. हॅमर-सिअरची (घोडा आणि त्याला धरणारा खटका) तक्रार आली तर कोपऱ्यावरच्या दुकानात भाग मिळतो.

वाइल्डी पिस्तुलाचा नाद मात्र पहिल्याच वर्षी नको. गोळीमागच्या गॅसवर चालतं, नियंत्रकाची रिंग फिरवून गॅस कमी-जास्त करावा लागतो, आणि .४७५ वाइल्डी मॅग्नमची पुंगळी .२८४ विंचेस्टरपासून करावी लागते. पुन्हा तोच रविवार.

फिनिक्स_नंदुरबार
गॅसचा विषय निघालाय तर .४१ मॅग्नमची डेझर्ट ईगल विसरू नका. पिस्तूल चालू आहे, ते बोअर बंद झालं. त्यात उघड्या शिशाची गोळी वापरायची नाही. नळीतल्या, चेंबरच्या पुढच्या गॅसच्या छिद्रातून शिसं खरवडून आत बसतं, छिद्र बुजतं, आणि मग स्लाइड अर्ध्यात थांबते. लोक मॅगझिनला दोष देत बसतात.

शिरपूरची
प्लास्टिकचे भाग विसरलात सगळे. जर्मन एचके पी९एस, .४५ मधलं. रोलरने स्लाइड उघडायला उशीर करणारी रचना, बहुकोनी नळी. त्याच्या आत प्लास्टिकचा बफर असतो, तो वयाने ठिसूळ होतो आणि चुरा होतो. चुरा झाल्यावरही पिस्तूल चालतं, पण धातू धातूवर आदळतो. विकत घेतल्यावर पहिलं काम बफर बदलणं, मग उडवणं.

लेथवाला_एमआयडीसी
तेच रिकॉइल स्प्रिंगचं. आधीच्या मालकाने किती उडवल्या माहीत नसतं. पाच इंची .४५ च्या १९११ ची स्प्रिंग १६ पौंडांची. जुनी काढून नव्या शेजारी ठेवा, इंचभर आखूड असेल तर फेका. दमलेल्या स्प्रिंगने फ्रेमला हातोडा बसतो. नवीन स्प्रिंग कचराभावाची, फ्रेम नाही.

तोळामासा
मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग बसते म्हणतात. खरं का?

लेथवाला_एमआयडीसी
नीट बनवलेली स्प्रिंग ताणाच्या मर्यादेत असेल तर नुसती दाबून ठेवल्याने फार बिघडत नाही, दाब-सोड दाब-सोड करून जास्त थकते.

सातपुडा_पायथा
अर्धसत्य. कारखान्याने एक गोळी जास्त कोंबायला स्प्रिंग शेवटच्या वेटोळ्यापर्यंत दाबली असेल, तर ती दाबून ठेवल्यानेही बसते. सातचं मॅगझिन ओढूनताणून आठचं केलेली बघा.

लेथवाला_एमआयडीसी
मान्य. 'नीट बनवलेली' म्हणालो होतोच.

भरीतसम्राट
मे महिन्यात जळगावला ४५ डिग्री. बोअर पण ४५. इथे सगळंच निषिद्ध झालं पाहिजे.

अमळनेरकर
हवेवरून आठवलं, इकडे ज्यांच्याकडे परवान्याचं .३२ आहे त्यांच्यासाठी. आपला उन्हाळा कोरडा, धातूला चांगला. खरा धोका जून ते सप्टेंबर. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावतानाचे क्षार सोडतं, पितळेवर हिरवा कळंक चढवतं. फोमच्या पेटीतही तेच. सुती कापडात, हलकं तेल लावून, सिलिका जेलसोबत कपाटात. जेलचा रंग बदलला की मंद ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतं. लाकडी ग्रिपला तेल लागू द्यायचं नाही, मऊ पडून काळं होतं.

शिरपूरची
आणि इथे बसून काय करता येतं, तर कागद. गमतीने नाही म्हणत. मूळ मालक-पुस्तिका, सुटे भाग वेगवेगळे करून दाखवणारे आराखडे, जुन्या जाहिराती, किमतीची पत्रकं. यावर कुठलाही परवाना नाही, टपालाने येतात. तिकडच्या संग्राहकालाही यांची गरज असते, कारण पेटी, पुस्तिका आणि कारखान्याची चाचणी-पट्टी सोबत असली की पिस्तुलाचा भाव चढतो. शिवाय कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांच्या अभिलेखातून फी भरून पत्र मिळतं: अमुक सिरियल अमुक तारखेला अमुक दुकानदाराकडे गेलं. मागवताना सिरियल अक्षरासकट लिहायचा, डब्ल्यू सुटला तर दुसऱ्याच पिस्तुलाचा इतिहास हातात येईल.

स्मिथ अँड वेसनच्या तिसऱ्या पिढीचे नंबर तर इथे बसूनच पाठ करता येतात. पहिले दोन आकडे बोअर: १० म्हणजे १० मिमी, ४५ म्हणजे .४५. तिसरा आकडा प्रकार: ० नेहमीचं, २ म्हणजे फ्रेमवर डिकॉकर (ताणलेला घोडा गोळी न उडवता खाली आणणारा खटका), ४ म्हणजे फक्त डबल अॅक्शन (दर वेळी चाप ओढूनच घोडा ताणला जातो), ६ म्हणजे वेगळ्या लांबीची नळी, ७ म्हणजे वेगळी नळी आणि डिकॉकर. शेवटचा धातू: ३ आणि ४ अॅल्युमिनियमची फ्रेम, ५ साधं पोलाद, ६ स्टेनलेस. म्हणजे १०७६ बघितलं की न उघडता कळतं: १० मिमी, सव्वाचार इंची नळी, डिकॉकर, स्टेनलेस. एफबीआयने घेतलेलं तेच.

रावेर_ते_ह्यूस्टन
शिरपूरची ताई, मानलं. एफबीआयचा धागा पुढे नेतो. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर त्यांनी मोठं काडतूस शोधलं, १० मिमीवर आले, मग पूर्ण ताकदीची गोळी जड वाटली म्हणून १८० ग्रेनची हळू गोळी घेतली. त्या हळू गोळीला एवढी लांब पुंगळी कशाला, म्हणून १९९० ला .४० एस अँड डब्ल्यू जन्मलं, आणि १० मिमीची स्मिथ पिस्तुलं काही वर्षांत गेली. म्हणजे १००६ बंद पडलं ते खराब होतं म्हणून नाही, धाकट्या भावाने शेत खाल्लं म्हणून.

गिरणाकाठ
बरं, हरलो. भावाला आता असं कळवतो का, बघा:
पहिलं, .४५ मधलं स्मिथ ४५०६ किंवा त्याआधीचं ६४५. काडतूस कोणत्याही दुकानात, ८ चं मॅगझिन दोघांना एकच.
दुसरं, १००६.
तिसरं, ग्रिझली.
ब्रेन टेन आणि पासाडेना ऑटो मॅग पाच वर्षांनी, आणि मॅगझिन आधी हातात आल्यावरच.

रावेर_ते_ह्यूस्टन
बरोबर. ४५०६ च्या सुरुवातीच्या नगांना चापाच्या कड्याला पुढून आकडा (हुक) आहे, नंतरच्यांना गोल. आकडेवाला संग्रहाला बरा. आणि या सगळ्या पिढीत मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. दुकानात मॅगझिनशिवाय चाप ओढून "बिघडलंय" म्हणू नका. मॅगझिन नीट बसत नसेल तर तोच बिघाडासारखा भासतो.

सातपुडा_पायथा
१००६ ला मॅगझिन किती घ्यावीत?

रावेर_ते_ह्यूस्टन
किमान चार. ९ गोळ्यांचं असतं, १० मिमीच्या त्या सगळ्या स्मिथना तेच चालतं. दोन वापरायला, दोन बंद पाकिटात.

लेथवाला_एमआयडीसी
आणि प्रत्येकाच्या तळपट्टीवर पेंट मार्करने नंबर टाकायला सांगा. कोरू नका, भाव जातो. गोळी अडकली की नंबर वहीत लिहायचा. तीनदा एकच नंबर आला तर दोष मॅगझिनच्या ओठांचा, पिस्तुलाचा नाही. नंबर फिरत राहिले तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) बघा.

गिरणाकाठ
सांगतो. नंबर देवनागरीत टाक म्हणतो, टेक्सासात चोरीला गेलं तर ओळख पटायला बरं.

भरीतसम्राट
५ आनि ४ नीट काढजो म्हना, मार्करघाई बठ्ठा सारखाच दिखतस.